माळ्यावर सापडलेल्या ७८च्या तबकड्या: कशा जपाव्यात, कशा ऐकाव्यात

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर भागातल्या एका जुन्या घरात माळ्यावर लोखंडी ट्रंक सापडली. आत ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, साठ-सत्तर तबकड्या, बहुतेक हिंदी सिनेमाच्या, आणि चावीचा ग्रामोफोन. काही तबकड्यांवर पांढरी बुरशी आली आहे. त्या साफ कशा करायच्या, कशावर वाजवायच्या आणि शेवटचा, खरा महत्त्वाचा प्रश्न: गायक सगळ्यांना माहीत असतात, पण त्या गाण्यामागची बाकीची माणसं ओळखायची कशी?

आधी एक विनंती. उत्साहाच्या भरात आज संध्याकाळी एकही तबकडी लावू नका. ७८ची तबकडी लाख आणि बारीक दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाची असते. ही भुकटी मुद्दाम घातलेली. पोलादी पिन तिच्यावर घासून पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची होते आणि मग नीट बसते. म्हणजे पिन झिजावी हीच योजना. पण खाचेत धूळ आणि बुरशी असेल तर पिनेबरोबर खाचही खरवडली जाते, आणि ते नुकसान पुन्हा भरून येत नाही.

बुरशी ओली करण्याआधी वाळवायची. तबकड्या सावलीत, हवेशीर जागी, भिंतीला जवळजवळ उभ्या टेकवून एक-दोन दिवस ठेवा. ऊन अजिबात नको, लाख उन्हाने वाकते. मग तोंडाला फडकं बांधून अंगणात, मऊ केसांच्या रंगाच्या ब्रशने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, बुरशी झाडा. आडवा ब्रश मारलात तर घाण खाचेतून निघत नाही, उलट आत दाबली जाते. खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात हे काम सुरूच करू नका. जून ते सप्टेंबर तिथे काही धड वाळत नाही, आणि अर्धवट ओली तबकडी पाकिटात गेली की महिन्याभरात बुरशी परत हजर.

ओली सफाई करायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. फक्त बॅटरीचं ॲसिड नव्हे, पाणीच मागितलंय याची खात्री करा. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, जास्त नको. लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण तोच तुमचा पुरावा आहे. लेबलपेक्षा थोडं मोठं प्लास्टिकचं झाकण त्यावर दाबून धरलं तर भागतं. ब्रश ओला करून गोल फिरवा, लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, धागे न सुटणाऱ्या जुन्या सुती कापडाने टिपा आणि चार-पाच तास उभी वाळवा. तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नका. कडेला टवका किंवा बारीक चीर असेल तर पाणी आत शिरतं आणि तिथून पापुद्रे सुटतात.

सर्वात मोठी चूक स्पिरिटची. एलपी रेकॉर्डला पातळ केलेलं अल्कोहोल चालतं हे कुठेतरी वाचून लोक ७८च्या तबकडीवर तेच फिरवतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश बनवतो ते असंच. एकदा कापूस फिरवला की खाचेचा वरचा थर गेला, गाणं गेलं. रॉकेलही नको, खोबरेल तेल तर नकोच नको. तेलाने तबकडी चकाकते खरी, पण पुढची सगळी धूळ त्यात चिकटून बसते.

ठेवताना उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नाही. दहा इंची एक तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची, म्हणजे पंचवीसची थप्पी पाच किलोच्या घरात जाते आणि खालच्या तडकतात. प्रत्येकीला कागदी पाकीट हवं. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते.

आता वाजवण्याचं. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (पिनेची थरथर आवाजात बदलणारी पडद्याची डबी) आणि आर्म (तिला धरणारा दांडा) यांचा शंभर ग्रॅमहून जास्त भार पिनेच्या टोकावर येतो. म्हणून नियम एकच: एक पिन, एक बाजू. तीन मिनिटांत ती झिजते. उलट बाजूला तीच पिन लावली तर बोथट टोक खाचेच्या भिंती कापतं. ट्रंकेत पिनांची जुनी डबी असेल तर गंजलेल्या पिना फेकून द्या. नव्या पोलादी पिना मिळतात. त्यात ‘सॉफ्ट’ घ्या. आवाज कमी, झीजही कमी. एलपी किंवा ४५ची ईपी या यंत्रावर कधीही लावू नका, पहिल्याच फेरीत ती कापली जाईल.

साउंडबॉक्समधून पत्र्यासारखा कर्कश आवाज येत असेल तर नव्वद टक्के दोष पडद्याभोवतीच्या रबरी कड्यात असतो. पन्नास-साठ वर्षांत ते लाकडासारखं कडक होतं, पडदा मोकळा हलत नाही. त्या मापाची मऊ सिलिकॉन नळी कापून नवं कडं करता येतं. मोटरची स्प्रिंग मात्र स्वतः उघडू नका. डब्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी एकदम सुटली तर हाताला गंभीर इजा होते. ते काम करणाऱ्या मेकॅनिककडेच द्या. आणि कोणी सल्ला दिला की हा जुना पेटीचा ग्रामोफोन देऊन पितळी कर्ण्याचा ‘अँटिक’ घ्या, तर ऐकू नका. बाजारात दिसणारे बरेचसे चकचकीत कर्णे अलीकडे शोभेसाठी बनवलेले असतात. त्यांचा आर्म आणि साउंडबॉक्स तबकडीशी नीट जुळत नाही.

वेगाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि तिथेच गायकाचा आवाज बिघडतो. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. ७८ऐवजी ८२.६ फेरे झाले की गाणं बरोबर अर्ध्या सुराने चढतं: काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं, आवाज बारीक होतो, लय धावते. तलत महमूद यांच्या आवाजातला कंप अशा वेगात भलताच वाटतो. मोजायला सोपी रीत अशी: तबकडीखाली कागदाची चिठ्ठी बाहेर डोकावेल अशी ठेवा, पिन खाचेत टेकवून गाणं चालू करा आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी किती वेळा बोटाला लागते ते मोजा. ३९ हवेत. पिन न टेकवता मोजलंत तर हिशेब चुकतो, कारण पिनेच्या भाराने मोटर हळू होते. स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की जिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात ती) असेल तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेसाठी ७७ रेघांची घ्या, आणि ती साध्या पिवळ्या बल्बखाली किंवा जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहा. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसत नाहीत.

घरात पेटी असेल तर आणखी चांगलं. गाण्याच्या सुरुवातीचा सा पेटीवर धरा आणि शेवटी पुन्हा तपासा. शेवटी सा उतरला असेल तर स्प्रिंग दमली आहे, किंवा प्रत्येक बाजूआधी पूर्ण चावी दिली जात नाही. वेगवेगळ्या गायकांच्या सगळ्याच तबकड्या सारख्याच चढ्या किंवा उतरत्या लागत असतील तर दोष यंत्राचा. एकच तशी लागली तर ती तबकडीच तशी असू शकते. विशेषतः १९३०च्या आसपासच्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८वर भरलेल्या नाहीत.

खरं तर नेहमीच्या ऐकण्यासाठी चावीचं यंत्र वापरूच नका. सणावारी एखादी बाजू लावा. बाकी गाणी एकदा नीट उतरवून घ्या आणि तीच ऐका. ७८ची सोय असलेला टर्नटेबल आणि ३ मिलची सुई लागेल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची सुई ०.७ मिलच्या आसपास असते; ती ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उचलते. भार ३ ते ५ ग्रॅम. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका. ७८ची खाच फक्त आडवी हलते, त्यामुळे मोनो केल्यावर उभ्या हालचालीतून येणारी खरखर आपोआप कापली जाते. टर्नटेबलवर ७८ नसेल तर ४५वर वाजवून भरा आणि ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग ७३.३३ टक्क्यांनी वाढवा, वेग आणि सूर दोन्ही जागेवर येतात.

उतरवल्यावर गाणं दबलेलं, कांबळं पांघरल्यासारखं वाटेल. घाबरू नका. आजचे फोनो प्रीॲम्प, म्हणजे टर्नटेबलचा बारीक आवाज मोठा करणारी यंत्रं, एलपीसाठीच्या ‘रिआ’ मापाने वरचे सूर कापतात, १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल. ७८च्या तबकड्यांत वरचे सूर तेवढे उचलून भरलेलेच नव्हते, म्हणून जास्त कापले जातात. ऑडॅसिटीतल्या इक्वलायझरमध्ये ते परत चढवता येतात. मूळ भरणी मात्र २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवा आणि खरखर काढायचे प्रयोग तिच्या नकलेवर करा. खरखर जास्त पुसली की आधी मंजिरी जाते, मग घुंगरू, मग व्हायोलिनच्या गजाचा स्पर्श, आणि शेवटी गायकाचा श्वास. ज्या वादकांना शोधायचंय त्यांचाच आवाज आपण पुसून टाकतो. नव्वदच्या दशकातल्या ‘झंकार’ कॅसेट तर या कामाला पूर्ण निरुपयोगी. मूळ ठेक्यावर दुसराच ठेका चढवलेला असतो.

आता माणसं. सुरुवात लेबलपासून. दहा इंची बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मजकूर मावतो. त्यामुळे पडद्यावरचं लांब गाणं तबकडीवर कापलेलं असतं, किंवा भाग १ आणि भाग २ असं दोन्ही बाजूंना विभागलेलं. लेबलवर सिनेमाचं नाव, गायक, संगीतकार आणि तबकडीचा क्रमांक असतो. एचएमव्हीच्या सिनेमाच्या तबकड्यांचा क्रमांक बहुधा ‘एन’ने सुरू होतो, कोलंबियाचा ‘जीई’ने. गीतकाराचं नाव जुन्या लेबलवर पुष्कळदा नसतंच. प्रत्येक बाजूचा फोटो काढा, आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडेही तिरक्या उजेडात टिपून घ्या. तो त्या बाजूचा स्वतःचा मॅट्रिक्स क्रमांक. लेबल फाटलं तरी त्यावरून बाजू ओळखता येते.

लेबलवरचं नाव नेहमी सरळ नसतं. ‘महल’ (१९४९) मधलं ‘आयेगा आनेवाला’ लता मंगेशकरांचं, पण तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. अशी एखादी तबकडी तुमच्या ट्रंकेत असेल तर ती चुकीची छपाई समजू नका. तसंच ‘अलबेला’ (१९५१) च्या तबकड्यांवर संगीतकार सी. रामचंद्र आणि गायक चितळकर अशी दोन नावं दिसतील. माणूस एकच, रामचंद्र चितळकर. ‘एन. दत्ता’ म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. ‘स्नेहल’ नाव वाचून बाई समजू नका, स्नेहल भाटकर म्हणजे वासुदेव भाटकर. ‘हमारी याद आयेगी’ (१९६१) मधलं मुबारक बेगम यांचं ‘कभी तनहाइयों में यूँ’ या गाण्याचं संगीत भाटकरांचंच.

लेबल इथपर्यंतच नेतं. अरेंजर (वाद्यांच्या ओळी लिहून देणारा) आणि वादक यांची नावं त्यावर जवळजवळ कधीच नसतात. पुढचं काम कानाचं, आणि इथे बेळगाव-निपाणी-खानापूरच्या माणसाला मोठा फायदा आहे. त्या काळच्या मुंबईच्या स्टुडिओत तीन प्रवाह येऊन मिळाले: हिंदुस्थानी गायकी, तमाशा आणि नाटकाची लय, आणि गोव्याच्या चर्चमधून आलेली नोटेशन वाचणारी वादकमंडळी. धारवाडकडची बैठक, जत्रेतली ढोलकी आणि चोर्ला घाटापलीकडचा बँड हे तिन्ही आपल्या कानावर आधीच असतात. नव्याने काही शिकायचं नाही, फक्त ते गाण्यात ओळखायचं.

एकच गाणं चार वेळा ऐका, प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. ‘आवारा’ (१९५१) मधलं ‘घर आया मेरा परदेसी’ घ्या. पहिल्यांदा फक्त लताबाईंचा आवाज. दुसऱ्यांदा गायन पूर्ण विसरून ढोलक: मुखड्यात तो किती भरतो, अंतऱ्यात कुठे मागे सरतो, समेवर परत येताना कोणता तुकडा टाकतो. तो ढोलक लाला गंगावणे यांचा. फडावरची ढोलकी ऐकलेल्याला त्यातली भाषा लगेच कळते. मात्रांत तोलून ठेवलेला केरवा नव्हे, बोटांनी बोलणारा. तिसऱ्यांदा मेंडोलिन, ते डेव्हिड यांचं. चौथ्यांदा गायिकेच्या ओळीमागे हलणारी व्हायोलिनं. तिची ओळ जिथे थांबते तिथे ती चालू लागतात, गायन चालू असताना दुसरीच चाल खालून धरतात. या मागच्या चालीला मंडळी ऑब्लिगाटो म्हणतात, आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे हे लिहिणारे अरेंजर होते गोव्याचे सबॅस्टियन डिसोझा. ‘चोरी चोरी’ (१९५६) च्या ‘आजा सनम मधुर चाँदनी में हम’ मध्ये ती मागची ओळ इतकी स्वतंत्र आहे की गुणगुणता येते. ती गुणगुणता येऊ लागली की शंकर-जयकिशन यांची बाकीची गाणीही वेगळी ऐकू येतात.

त्याच घराचा ठेका ओळखायचा तर दत्ताराम वाडकर ऐका. गोव्याचे, शंकर-जयकिशन यांचे सहायक, ढोलकचा त्यांचा ठेका ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. स्वतंत्र संगीतकार म्हणून ‘परवरिश’ (१९५८) मधलं मुकेश यांचं ‘आँसू भरी हैं ये जीवन की राहें’ त्यांचं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट आणि नाचता बँड ऐकू आला की चिक चॉकलेट यांची आठवण ठेवा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे, आणि रामचंद्रांचे ते सहायक. पण प्रत्येक ट्रम्पेट त्यांचाच असं म्हणू नका.

वाद्यावरून अंदाज बांधताना फसवणूकही होते. ‘नागिन’ (१९५४) ची पुंगी हे ठळक उदाहरण. गारुड्याची पुंगी समजून सगळा देश डोलला, पण तो आवाज क्लॅव्हायोलिन या विजेच्या कीबोर्डचा, वाजवणारे कल्याणजी. जोडीला रवी यांची पेटी. संगीतकार हेमंतकुमार. नीट ऐकलं तर सुराची सुरुवात फुंकरीने होत नाही, पट्टी दाबल्यासारखी होते. श्वासाचं वाद्य आणि पट्टीचं वाद्य यांतला फरक नेहमी सुराच्या आरंभात शोधा, मध्यात नाही.

रागदारीची गाणी तर आपल्या भागाची हक्काची. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधलं ‘आज गावत मन मेरो झूमके’ देसी रागातलं, उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांचं. पलुस्करांचे वडील विष्णु दिगंबर मूळ कुरुंदवाडचे, म्हणजे चिकोडीच्या माणसाला नदीपलीकडचेच. दोघांच्या ताना एकामागोमाग येतात तेव्हा कोणती कोणाची हे ओळखायचा सराव करा: पलुस्करांची तान मोकळी, दाणेदार आणि सरळ; अमीर खाँ साहेबांची खालच्या सुरांतून वळत येणारी. ‘बसंत बहार’ (१९५६) मध्ये ‘केतकी गुलाब जूही’त मन्ना डे यांच्यासमोर भीमसेन जोशी आहेत, जन्म गदग जिल्ह्यातल्या रोणचा. कथेनुसार भीमसेनजींचा पक्ष हरतो. तो निकाल बाजूला ठेवा आणि भीमसेनजी श्वास कुठे घेतात एवढंच ऐका. त्याच सिनेमातल्या ‘मैं पिया तेरी’ मधली बासरी पन्नालाल घोष यांची. तिचा खर्ज साध्या यंत्रावर हरवतो, म्हणून ते गाणं हेडफोनवर ऐका.

कोकणातल्या सोनवड्याचे वसंत देसाई यांनाही वेगळा वेळ द्या. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) चं शीर्षकगीत अडाणा रागात, अमीर खाँ यांच्या आवाजात. त्या चित्रपटात शिवकुमार शर्मा यांचं संतूर आहे, आणि संतूर त्या वेळी सिनेमात नवंच होतं. कोल्हापूरच्या सुधीर फडक्यांचं ‘ज्योति कलश छलके’ (‘भाभी की चूड़ियाँ’, १९६१) भूपाच्या अंगाने सुरू होतं. पेटीवर सा रे ग प ध एवढेच पाच सूर धरून ते सोडवायला घ्या. सुरुवात करणाऱ्याला इतकं सोपं आणि इतकं समृद्ध गाणं दुसरं सापडणार नाही.

नोंदवही ठेवा. एका तबकडीला एक पान: क्रमांक, दोन्ही बाजू, लेबलवरची नावं, मॅट्रिक्स, सा कोणत्या पट्टीत, ठेका, ऐकू आलेली वाद्यं. वादकाचं नाव लिहिताना त्यापुढे ‘नक्की’ किंवा ‘अंदाज’ असं लिहा, आणि नक्की लिहिलंत तर कशावरून तेही लिहा. वादकाची स्वतःची मुलाखत, त्या ध्वनिमुद्रणात हजर असलेल्याचं सांगणं, या गोष्टी नक्कीच्या खाली बसतात. कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलेलं नाव अंदाजातच राहील. एकाच एकॉर्डियनच्या तुकड्यावर तीन-तीन वादकांची नावं फिरताना दिसतात. त्यातलं सोयीचं उचलून पुढे पाठवलं की खऱ्या वादकाचं श्रेय दुसऱ्यांदा हिरावलं जातं.

ट्रंकेतल्या तबकड्यांपैकी सुरुवात कुठून करायची तर ज्यांवर बुरशी नाही आणि कडा शाबूत आहेत अशा पाच-सहा निवडा, त्या धुवा आणि उतरवा. बुरशीच्या तबकड्या तोवर वेगळ्या खोलीत ठेवा, चांगल्यांना लागू देऊ नका. तडकलेली एखादी असेल तर टाकून देऊ नका आणि फेव्हिक्विकने जोडूही नका. डिंक खाचेत उतरतो आणि सुई तिथे उडते. चीर मिटलेली राहील अशी ती सपाट पुठ्ठ्यावर ठेवा आणि हलक्या सुईच्या टर्नटेबलवर एकदाच वाजवून भरून घ्या. प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येईल, तो ऑडॅसिटीत एकेक करून काढता येतो.